दुसरा रांजण

ओगराळ्याच्या काठावर एक थेंब लोंबत होता. पडू की नको, पडू की नको असं करत लांब होत चाललेला. त्यात सकाळचं ऊन, शाळेची कौलं, व्हरांड्यातला बंदूकवाला जवान, सगळं इवलंसं आणि उलटं टांगलेलं... चंदाबाई त्या थेंबाकडे पाहत राहिली. ओगराळ्याची लांब दांडी कोणाच्या हातात आहे ते तिला ठाऊक होतं. त्या हातामागे एक हसरा चेहरा आहे हेही ठाऊक होतं. पण नजर थेंबावरून वर गेली नाही.

"घे वं चंदाबाई, पाणी पी. बोहनी तुयीच होऊ दे," गिरजाबाई म्हणाली.

"नाई वं. आत्ताच चहा पिऊन आली."

थेंब पडला. फरशीवर त्याचा ओला ठिपका झाला आणि बघता बघता सुकलाही. ओगराळं रांजणाच्या झाकणीवर आडवं झालं, आणि चंदाबाई शाळेच्या तीन पायऱ्या उतरून अंगणात आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण खोटं बोललो. चहा कुठला? घरात आठवड्यापासून साखर नव्हती. तोंड तर असं कोरडं पडलं होतं की जीभ टाळूला चिकटत होती. मग तोंडातून ते निघालं कसं? विचार करून बोलावं तसं ते निघालंच नव्हतं. शिंक यावी तसं निघालं होतं...

पहिल्याच तासात मत देऊन टाकावं, ऊन चढायच्या आत उरकावं, म्हणून ती साडेसहालाच रांगेत लागली होती. बायांच्या रांगेत पहिली. या वेळी कागदावर शिक्का नव्हता, यंत्र होतं. बटण दाबलं की लांब टूंऽ वाजायचं. ज्या खोलीत तिची पोरगी दामिनी बाराखडी शिकली त्याच खोलीत, भिंतीवरच्या 'क कमळाचा'च्या खाली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे ते यंत्र ठेवलेलं होतं. ते वाजल्यावर चंदाबाई दचकली आणि बाहेरच्या रांगेतल्या बाया हसल्या. त्या हसण्यातच ती बाहेर आली होती, स्वतःही हसत. आणि दारातच ते ओगराळं.

फाटकाबाहेर पडताना तिने मागे पाहिलं नाही. पण मनात म्हणाली, खरं तर ते ओगराळं माझ्या हातात असायला हवं होतं.

हे ती चार दिवस मनात म्हणत होती. गुरुवारी गावचा कोतवाल, झाडू त्याचं नाव, घरी येऊन गेला, तेव्हा ती चामोर्शीच्या बाजारात सुक्या मासळीची टोपली घेऊन बसलेली. निवडणुकीच्या दिवशी बूथवर मतदारांना पाणी पाजायला एक बाई लागते, तहसिलीतून ऐंशी रुपये मिळतात, असा निरोप. चंदाबाई घरी नाही म्हणून झाडू शाळेत गेला, आणि गुरुजी म्हणाले, मग गिरजाबाईचं नाव लिहा, ती जवळच राहते. लिहिलं. संपलं. गुरुजींच्या मनात दुसरं काही नसेल. किंवा असेलही. एकतीस वर्षं गावातली पोरं एका ओळीत मांडीला मांडी लावून बसवणारा माणूस, त्यांच्या मनात काय असतं ते ते सांगत नाहीत, करून टाकतात.

पण काम माझं होतं. या गावात कोणाचंही लग्न असो, तेरवी असो, पूजा असो, पाणी भरायचं ते ढिवराच्या घरानं. तलावातली मासळी जशी आमची तसं मांडवातलं पाणीही आमचं. सासू सुगंधाबाई भरायची, तिच्या आधी तिची सासू. आमच्या हातचं पाणी सगळ्यांना चालतं, असं सुगंधाबाई सांगायची, आणि सांगताना तिची मान थोडी ताठ व्हायची. घरात तांदूळ नसले तरी त्या वेळी ती मान ताठ व्हायची. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी एका मांडवात सासूने चंदाला हे काम शिकवलं होतं. रांजणाच्या तोंडाला हात लावायचा नाही. ओगराळं अर्धं बुडवायचं, भरभरून नाही. पिणाऱ्याच्या ओंजळीपासून चार बोटं अंतर. आणि मांडवाच्या कडेला त्या मोहल्ल्यातली माणसं येऊन उभी राहिली तेव्हा सासू कानाशी वाकून एकच शब्द बोलली, 'वरून.' चंदा सोळा वर्षांची होती. तिने काही विचारलं नाही. काही धडे एका शब्दात होतात, त्यांना पाटी लागत नाही, उजळणी लागत नाही...

ते जुनं झालं. आता कोण पाळतं तसं? बौद्ध मोहल्ल्यातली पोरं शिकली, मास्तर झाली, गिरजाबाईची संघप्रिया तर नर्स झाली. तीच संघप्रिया गावात आली की सुगंधाबाईच्या पायाची जखम धुऊन पट्टी बांधून द्यायची, आणि म्हातारी पाय पुढे करायची. मग जुनं उरलं कुठे?

ती तलावाच्या पाळीवरून घराकडे निघाली. उन्हाची धार आत्ताच लागायला लागली होती. पाळीच्या खालच्या धानाच्या बांध्या उघड्या पडलेल्या, भेगाळलेल्या. याच बांध्यांतून वीस वर्षं ती आणि गिरजा रोवणीच्या एकाच टोळीत, चिखलात शेजारी शेजारी उलट्या चालत गेल्या होत्या. गिरजाचा हात भरभर चालायचा. एका वर्षी चंदाला बांधीतच हुडहुडी भरली, तर तिची पात गिरजाने रोवून काढली आणि मुकडदमाला कळूही दिलं नाही. एकीच्या पिंडरीची जळू दुसरीने काढायची. एकीने नवऱ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं की दुसरीने त्याच चालीत गाणं म्हणायचं, आणि सगळी टोळी हसून हसून चिखलात बसायची. घरी मीठ नसलं तर मीठ, काडीपेटी, मूठभर डाळ. मागायला लाज नव्हती आणि द्यायला हिशेब नव्हता. पण ते सगळं कोरडं. दुपारी बांधावर बसलं की गिरजाची शिदोरी गिरजापाशी, चंदाची चंदापाशी. पाण्याच्या बाटल्या दोन. कधी कोणी ठरवलं नव्हतं. प्रश्नच कधी आला नव्हता, असं चंदाबाई मनाशी म्हणाली... आणि चालता चालता तिला वाटलं, वीस वर्षांत एकदाही प्रश्न येऊ नये, एकदाही एकीची बाटली सांडू नये, यासाठी आपण दोघींनी किती जपून पावलं टाकली असतील.

घरी तिचा नवरा मनसाराम ओसरीत जाळं घेऊन बसला होता. फाटलं नव्हतं तरी तो ते पुन्हा पुन्हा हातातून काढत होता. तलावात गुडघाभर पाणी उरलं होतं आणि पाऊस पडून मासळीचं बीज टाकेपर्यंत मच्छीमार सोसायटीने जाळं टाकू नका म्हणून सांगितलं होतं. एरवी या दिवसांत रोजगार हमीचं काम असायचं. यंदा आचारसंहिता लागली आणि पांदणरस्त्याचं काम अर्ध्यात थांबलं. आधी खोदलं त्याची मजुरीही अडकली, कारण हजेरीपट तपासणारे बाबू सगळे निवडणुकीच्या कामावर. मत मागायला जीपगाड्या दिवसातून तीनदा येत होत्या. धुरळा उडवून गेल्या की गाव होतं तसंच.

दामिनी खाटेवर पालथी पडून नर्सिंगचा फॉर्म वाचत होती. आठ दिवसांत तिने तो इतक्यांदा वाचला होता की घडीवर कागद विरला होता. आधी पेन्सिलीने भरलेला, चुकू नये म्हणून. येता सोमवार शेवटची तारीख. गडचिरोलीला जाऊन शंभर रुपयांचा ड्राफ्ट काढायचा आणि फॉर्म हातानेच नेऊन द्यायचा. ड्राफ्ट आणि दोन माणसांचं जाण्यायेण्याचं भाडं. शिक्षण फुकट होतं, वर महिन्याला विद्यावेतन होतं, राहायला होस्टेल होतं. त्या सगळ्याच्या दारात हे दीड-दोनशे रुपये उभे होते. फॉर्म आला होता तो संघप्रियाकडून. गिरजाबाईने पदराखाली धरून आणला होता, मोहफुलं वेचताना हातात दिला होता आणि म्हणाली होती, पोरीचे मार्क चांगले आहेत, घरी नको ठेवू.

"यंत्र कसं वाजते वं माय?" दामिनीने विचारलं. तिला दुसरं काहीतरी विचारायचं होतं.

"वाजते. बकरीच्या पिलावानी," चंदाबाई म्हणाली, आणि चुलीपाशी जाऊन माठातून गडवा भरून पाणी घटाघटा प्यायली. एक गडवा, मग दुसरा. किती तहान लागली होती! आणि तरी तिथे...

दहाच्या सुमारास शेजारची बायनाबाई आली ती पदराने तोंड झाकून हसतच. बूथवर काय मजा चालली आहे ते सांगायला तिला ओसरीत बसायचाही धीर नव्हता. उभ्याउभ्याच तिने सांगितलं. रांग फाटकाबाहेर गेली आहे, ऊन टाळूवर आलं आहे, आणि गिरजाबाई ओगराळं घेऊन दारात उभी आहे, पण गावातलं कोणी घोटभर पीत नाही. एकाचा उपास निघाला. गुणाबाईची दाढ दुखायला लागली. दोघातिघांनी घरून प्लास्टिकच्या डबकीत पाणी आणलं.

"साऱ्या गावाले आजच रोग झाले," बायनाबाई म्हणाली. "मी म्हटलं, पोट फुगून राह्यलं माह्यं."

"काऊन पण? पाणी कोनंई भरलं तरी गुरुजीच्याच विहिरीचं आहे," चंदाबाई म्हणाली.

"हे तू मले इचारतं?" बायनाबाईचं हसू थोडं थांबलं. "सकाळी तूच नाई पिली ना. पाण्याचं काम तुमच्या घरचं. तू नाई म्हटलं, मंग आमी कोन प्यायले? मी तुया मांगंच उभी होती रांगेत."

ती गेल्यावर चंदाबाई चुलीपुढे बसली. चूल पेटलेली नव्हती. पेटवायची होती, पण हात काडीपेटीकडे गेला नाही. तिला ती सकाळची रांग दिसायला लागली, पाठीमागे उभी असलेली, पायऱ्यांपासून फाटकापर्यंत. मत द्यायला आलेल्या बाया, बघायला दुसरं काही नाही, सगळ्यांचे डोळे दारावर. यंत्र वाजलं, हसल्या, चंदाबाई बाहेर आली, ओगराळं पुढे झालं... आणि चंदाबाई नाही म्हणाली. मी कोणाला काही सांगितलं? नाही. तोंड वाकडं केलं? नाही. चहा पिऊन आले म्हटलं, एवढंच. पण गावाने ते ऐकलं नव्हतं, पाहिलं होतं. गावाला तेवढं पुरलं होतं. मी प्यायले असते तर? बायनाबाई प्यायली असती, ती प्यायली तर गुणाबाईची दाढ दुखली नसती... असं होतं का खरंच? की मी प्यायले असते तर माझ्याच हातचं पुढच्या लग्नात कोणी प्यायलं नसतं? तिला ठरवता येईना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, यातलं काही तिच्या मनात तेव्हा आलंच नव्हतं. येऊन मग ती नाही म्हणाली असती तर निदान तो तिचा विचार झाला असता.

अकरा वाजता हेमराज आला. राइस मिलवाल्याचा मुलगा. गावात एका पक्षाचं काम तोच बघायचा. चपला बाहेर काढून ओसरीत मनसारामच्या शेजारी नीट मांडी घालून बसला. निवडणुकीच्या दिवसांत तो सगळ्यांच्या ओसरीत मांडी घालून बसे. त्याने आधी जाळ्याची चौकशी केली, तलावाची केली, दामिनीला कितवीत आहे विचारलं. मग म्हणाला की मतदान फारच कमी होत आहे. लोक रांगेत उभे राहतात, तहान लागली की घरी जातात, आणि गेलेला माणूस परत येत नाही. तीनला मतदान बंद. तेव्हा बूथभोवतीच्या चुन्याच्या रेघेबाहेर, समोरच्या चिंचेखाली, आपण दुसरा रांजण मांडू.

"तिथी एक रांजण आहे ना," मनसाराम म्हणाला.

"आहे ना भाऊ. मी कुठी नाई म्हणतो? मले त काईच नाई, मी पितो. पण लोकायचं मन आहे. म्हाताऱ्या माणसायले काय सांगाव?" हेमराज चंदाबाईकडे वळला. "चंदाबाईच्या हातचं पाणी म्हणजे मंग कोनाचा काई प्रश्नच नाई. पिढ्यान्‌पिढ्याचं आहे. चार घंट्याचं काम, दीडशे देतो. आजच्या आज."

सगळं चांगल्या शब्दांत होतं. कोणाचं नाव नाही, कोणाचा मोहल्ला नाही. चंदाबाईला वाटलं, निदान एक वाईट शब्द बोलला असता तर मला राग तरी आला असता. खाटेवर कागद वाजला. दामिनी फॉर्मची घडी घालत होती. घालून पुन्हा उघडत होती. ती आईकडे बघत नव्हती.

मनसारामने जाळ्यातून मान वर केली नाही. "तुया मनानं कर," एवढंच म्हणाला.

माझ्या मनाने. चंदाबाईने मनाकडे पाहिलं. तिथे संघप्रियाने दिलेला फॉर्म होता आणि त्याच्यासाठी लागणारे पैसे हेमराजच्या खिशात होते. हे दोन्ही एकाच वेळी कसं धरायचं ते तिला कळेना. नाही म्हणावं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. शब्द तोंडापाशी आलाही होता. सकाळी तोच शब्द किती सहज निघाला होता!

"रांजण कोनाचा घ्याचा?" तिने विचारलं.

विचारल्यावर तिलाच कळलं की आपण होकार दिला.

रांजण हेमराजच्या घरचा आला, मोठा, काळा, पाझरता. विहिरीवरून डोक्यावर एकावर एक पाण्याचे दोन गुंड घेऊन तिने सात खेपा केल्या आणि चिंचेखाली बसली. आणि जे व्हायचं ते लगेच झालं. गुणाबाईची दाढ बरी झाली. उपासवाले आले. रांग फाटकातून बाहेर पडून वाकली आणि चिंचेच्या सावलीवरूनच जायला लागली. म्हातारे ओंजळ ओठांशी धरून प्यायचे आणि ओले हात डोक्यावरून फिरवायचे. "आता लागते वोटिंग गोड," एक जण म्हणाला, आणि बायनाबाईने तीन ओगराळी पिऊन जाहीर केलं की पोट उतरलं. चंदाबाई हसली. हसावं लागतं. हात चालू होता. ओगराळं अर्धं, चार बोटं अंतर, बारीक धार. या कामात हाताला डोकं लागत नाही.

म्हणून डोकं मोकळं होतं आणि डोळे समोर जात होते. शाळेच्या व्हरांड्यात गिरजाबाई तशीच उभी होती. बसायला तिला खुर्ची दिली होती तरी उभी. तिच्या रांजणाचं पाणी प्यायचे ते बाहेरगावचे मतदानाचे साहेब, जवान, आणि तिच्या मोहल्ल्यातली माणसं. शाळेची पोरं मात्र प्यायची. त्यांना यंत्र बघू देत नव्हते म्हणून ती पाण्याच्या निमित्ताने दारात जात, आणि गिरजा त्यांना दर वेळी पाणी देत होती, तहान आहे की नाही न विचारता. एकदा गुरुजी आले. दोन ओगराळी प्यायले, मिशा पुसल्या, चिंचेखालच्या रांजणाकडे पाहिलं. रागाने नाही. पोराने वहीत खाडाखोड केली की बघायचे तसं पाहिलं आणि आत गेले. रांगेतलं कोणीतरी म्हणालं, गुरुजी तर पिणारच, ते गुरुजीच आहेत. म्हणजे त्यांचं पिणं मोजायचं नव्हतं.

गिरजा इकडे बघत नव्हती. चंदाबाईला वाटलं, बघावं तिने. एकदा बघून तोंड फिरवावं, शिवी द्यावी, रोवणीत द्यायची तशी सणसणीत. मग आपल्याला म्हणता येईल की मी काय करू, माझी पोरगी... पण गिरजा फक्त उभी होती, ऐंशी रुपयांचं काम नीट करणाऱ्या माणसासारखी.

दोनच्या सुमाराला रांग विरळ झाली. तेव्हा रामाजी मत देऊन बाहेर आला, गिरजाबाईचा नवरा. उंच, वाळकुडा, गवंड्याच्या हाताखाली काम करून खांद्याला बाक आलेला. तो फाटकातून निघाला आणि सरळ चिंचेकडे यायला लागला. आता बोलेल. बोलू दे.

तो सावलीच्या कडेला थांबला. म्हणाला, संघप्रियाचा निरोप आहे, ती रविवारी सुटीवर येते आहे. दामिनीचा फॉर्म तिला एकदा दाखवून घ्या. मागच्या वर्षी एका पोरीचा शिक्का चुकला म्हणून परत आला होता. एवढंच सांगायला तो आला होता.

एकाएकी चंदाबाईच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर तिला फार हलकं वाटलं, की आपण आता करू शकतो. सकाळी झालं नाही ते आता. सगळ्यांच्या देखत.

"पाणी प्या ना, रामाजीभाऊ."

"द्या ना बाई. ऊन भलकसंच आहे."

तो वाकला. ओंजळ पुढे केली. तिने ओगराळं बुडवलं, अर्धं, उचललं, पुढे नेलं... आणि तिचा हात वर गेला.

तिने नेला नव्हता. तो गेला. गुणाबाईच्या वेळी जिथे थांबला होता, म्हाताऱ्यांच्या वेळी जिथे थांबला होता, ती जागा त्याने ओलांडली आणि आणखी वीतभर वर जाऊन तो थांबला, नेमका, जसं तिथे हवेत खुंटी ठोकलेली असावी. धार सुटली. उंचावरून पडणारं पाणी ओंजळीत मावलं नाही, उडालं, रामाजीच्या मनगटांवरून कोपरापर्यंत गेलं, सदऱ्याची छाती भिजली. तिने हात खाली घेऊ पाहिला, तर धार हलली आणि पाणी त्याच्या तोंडावर सांडलं. त्याने मान थोडी बाजूला केली आणि पीत राहिला. त्याची ओंजळ, तिला आता दिसलं, आधीपासूनच खाली होती. गुडघ्यांपाशी. इतरांपेक्षा तो जास्त वाकला होता. त्याच्या पाठीलाही ती उंची माहीत होती.

"बस, बाई," तो म्हणाला. हातांनी तोंड पुसलं आणि गेला.

कोणी पाहिलं नाही. मागचा माणूस पुढे सरकला, त्याने ओंजळ धरली, आणि चंदाबाईचा हात पुन्हा खाली आला, चार बोटांवर, आपोआप.

तीनला शाळेचं दार लागलं. साहेबांनी यंत्रावर लाखेचे शिक्के मारले, जीप आली, जवान चढले. हेमराजने ठरलेले पैसे दिले, वर म्हणाला की तुझ्यामुळे निदान साठ टक्के झालं. चंदाबाईने नोटा घडी करून कमरेला खोचल्या. सोमवारचं झालं. दामिनी जाईल. हे तिने मनात स्पष्ट म्हणून पाहिलं, दामिनी जाईल, आणि ते खरं होतं, आणि चांगलं होतं, आणि तिला पश्चात्ताप होतो आहे असंही तिला म्हणता येईना. उद्या हेमराज पुन्हा आला तर मी पुन्हा रांजण कोणाचा म्हणून विचारीन, हे तिला ठाऊक होतं.

पाळीवर गिरजाबाई मागून आली, कमरेवर रिकामा गुंड. दोघी बरोबर चालायला लागल्या, कारण वाट एकच होती.

"तुये भेटले?" गिरजाने विचारलं.

"भेटले."

"बरं झालं. माये पंधरा दिवसांनी. बाबू सही करन, मंग." थोडं चालल्यावर म्हणाली, "अर्धा रांजण तसाच होता. गुरुजीच्या झाडायले टाकला. झाडायले काई उपास नसते."

तिने ते हसत म्हटलं. चंदाबाईने हसायचा प्रयत्न केला. बोलायचं तर आताच, पुढे वाट फुटते. पण काय बोलायचं? मी बसले ते पोरीसाठी बसले, हे गिरजाला माहीत होतं. फॉर्म तिनेच दिला होता. सकाळी मी प्यायले नाही, तेही तिला माहीत होतं. जे तिला माहीत नव्हतं ते एकच होतं, आणि ते सांगायला शब्द नव्हता.

"रामाजीभाऊचा सदरा भिजला," ती म्हणाली. "माया हातून."

गिरजाने चालता चालता तिच्याकडे पाहिलं. सकाळनंतर पहिल्यांदा.

"वाळन," ती म्हणाली. "ऊन काय कमी आहे?"

वाट फुटली तिथे तिने गुंड एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतला आणि आपल्या मोहल्ल्याकडे वळली. रविवारी ये म्हणाली, किंवा म्हणाली असं चंदाबाईला वाटलं.

चंदाबाई एकटी चालायला लागली. तिला आता कितीतरी मांडव आठवायला लागले, कितीतरी उन्हाळे, कडेला वाकून उभी राहिलेली माणसं, ज्यांचे चेहरे तिने कधी पाहिलेच नव्हते, फक्त ओंजळी पाहिल्या होत्या. तिला वाटत आलं होतं की ते सासूचं होतं, सासूबरोबर गेलं. आपण नुसतं काम करतो. कोणी विचारलं असतं तर तिने शपथ घेऊन सांगितलं असतं, आणि ती शपथ खोटी नसती... पाळीवर समोरून एक बाई बकऱ्या घेऊन येत होती. चंदाबाईने तिला वाट द्यायला पाऊल बाजूला टाकलं, आणि टाकल्यावर थांबली. हे पाऊल कोणी टाकलं? मी? बाई निघून गेली तरी ती तशीच उभी होती. मग पुन्हा चालायला लागली, हळू, प्रत्येक हालचालीकडे लक्ष ठेवून. आणि तिचा उजवा हात, कोणा परक्या माणसाने सोबत करावी तसा, तिच्या शेजारून चालत राहिला.